पहिला रंग आपल्या घरचा

सौ. कुमुदताई बोरगावकर यांची आणि माझी पहिली भेट एका नाल्याच्या तोंडाशी झाली. गौरवअंकातल्या लेखाची सुरुवात अशा जागेपासून करावी की नाही, असे मी अंकाच्या संपादकांना विचारले. ते म्हणाले, "ताईंवरच लिहिताय ना? मग दुसरीकडून कुठून करणार?"

तेव्हा मी नागपूर सोडून जबलपूरच्या एका हिंदी दैनिकात नुकताच रुजू झालो होतो. रांझीच्या पुढच्या आपल्या वसाहतीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. वसाहतीच्या मागे तलाव आहे, त्याला सगळे 'पिछला ताल' म्हणतात, एवढेच ठाऊक होते. सकाळी फिरत त्याच्या बांधावर गेलो, तर वसाहतीचा पावसाळी नाला तळ्याला मिळतो तिथे पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून एक बाई वाकून उभ्या होत्या. मला पाहताच त्यांनी हाताने बोलावले.

"अहो, जरा इकडे या. नवीन आलात ना तुम्ही? वास घ्या बरं."

"कशाचा?"

"तेच तर विचारतेय. शेणाचा येतो की माणसांचा?"

मी नाक पुढे केले आणि प्रामाणिकपणे सांगितले, "दोन्हींचा येतोय."

"पेपरवाले दिसता," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजू देता."

ताईंची सारी आयुष्यभराची शिस्त त्या प्रश्नात होती, हे मला पुढे कळले. तळ्याच्या पलीकडच्या काठावर म्हशींचे गोठे आहेत. तळे नासले की गोठेवाल्यांना शिव्या घालायच्या, अशी वसाहतीची रीत होती. ताईंना शिव्यांची घाई नव्हती. आधी बघायचे, मग बोलायचे. शाळेत जीवशास्त्र शिकवतानाही त्यांनी हेच केले. बेडकाची आकृती फळ्यावर काढण्याआधी त्या मुलांना बेडकापाशी न्यायच्या. त्यांच्या विद्यार्थिनी आज डॉक्टर आहेत, प्राध्यापिका आहेत, आणि ताई दिसल्या की अजूनही हातातला मोबाइल पर्समध्ये टाकतात.

माझी मुलगी त्यांच्याकडे बारावीचे जीवशास्त्र शिकली. जबलपुरात वाढलेल्या आपल्या बहुतेक मुलांसारखी तीही मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते. घरी यावरून मी रोज कुरकुर करत असे. पहिल्या दिवशी ती ताईंसमोर अवघडून बसली. ताई म्हणाल्या, "तू हिंदीत बोल, मी मराठीत ऐकते. पेशीला काही फरक पडत नाही." वर्ष संपता संपता पोरगी त्यांच्याशी मराठीत भांडू लागली होती. शिकवणी मात्र ताईंनी जीवशास्त्राचीच घेतली होती.

पण आज ज्या कामासाठी आपण सारे त्यांच्या अमृतमहोत्सवाला जमणार आहोत, ते काम तळ्याचे आहे. ते कसे घडले, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो.

पिछल्या तालात फूलबाई बर्मन यांचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या शिंगाडा लावते. नवरात्रात आपल्या घरोघरी होणारा शिंगाड्याचा शिरा त्यांच्याच वेलींवरचा. अलीकडे मात्र वेली पाण्यातच कुजू लागल्या. पाण्यात उतरणाऱ्या फूलबाईंच्या हातापायांवर चट्टे उठू लागले. बाजारातही त्यांचा माल पाहून लोक नाके मुरडत. एका संध्याकाळी त्या ताईंच्या ओट्यावर येऊन बसल्या. मीही तिथेच होतो.

"बहनजी, बेल सड गई. अबकी साल ताल छोड दें क्या?"

"छोडके करोगी क्या?"

"पनागर में मजूरी. दूसरों की सब्जी तोडेंगे."

 ताईंनी फूलबाईंचे हात स्वतःच्या हातात घेऊन उजेडाकडे वळवून पाहिले.

नेमक्या त्याच वेळी आपल्या वसाहतीच्या मंडळात दुसरेच चालले होते. वासाला कंटाळून सचिव श्री. देशकर यांनी तळे बुजवण्याची मागणी करणारा अर्ज तयार केला होता. माती टाकायची, वर बगीचा करायचा, झोपाळे लावायचे. वसाहतीच्या सह्या झाल्या की काम होईल, असे त्यांना वॉर्ड कार्यालयातून सांगण्यात आले होते. श्री. देशकर मनाने वाईट नाहीत, हे ताईच सर्वांत आधी सांगतील. त्यांना वास नको होता, इतकेच. पण त्या सह्या पूर्ण झाल्या असत्या, तर फूलबाईंचे तळे कायमचे गेले असते. सभेत ताईंनी रंगपंचमीपर्यंत थांबण्याची विनंती केली. तोवर नाल्याचा माग काढू, असे त्या म्हणाल्या. देशकर हसले. "ताई, माग काय काढायचा? म्हशी समोर दिसतात की!"

आता रंगपंचमीबद्दल. आपल्या भागातले हिंदी शेजारी धुळवडीलाच रंग खेळून मोकळे होतात. त्यानंतर पंचमीला पुन्हा रंग काढणारी आपली मराठी घरेच. त्या वर्षीही आपण खेळलो, न्हालो, पुरणपोळी खाऊन आडवे झालो. दुपारी ताईंच्या दारात फूलबाई उभ्या. शिंगाड्याच्या रोपांसाठी बी टाकायला त्या तळ्यावर गेल्या होत्या.

"बहनजी, तुम्हारी होली तो हमारे ताल में आ गई!"

आम्ही धावत बांधावर गेलो. तळ्याचा आपल्या बाजूचा अख्खा कोपरा गुलाबी झाला होता. गोठ्यांच्या बाजूला एक ठिपका नव्हता.

देशकरांनाही बोलावून दाखवले. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "हे आंघोळीचं पाणी आहे, ताई. आंघोळीचं पाणी नाल्यात जातं, त्यात काय एवढं? संडासाचं आपल्या टाक्यांत जातं."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "मग तेही बघून घेऊ."

दुसऱ्याच दिवशी त्या मला घेऊन ओमतीच्या बाजारात गेल्या. हलवायांचे सामान विकणाऱ्या एका दुकानात त्यांनी मिठाईत घालतात तो हिरवा रंग मागितला. तळ्याला आणि माशांना अपाय होऊ नये, म्हणून खाण्याचाच रंग हवा होता. त्यांनी मागितलेला ढीग पाहून दुकानदार खूश झाला.

"दीदी, शादी है क्या घर में? कितने लोगों का खाना है?"

"खाना हो गया है भैया," ताई म्हणाल्या. "उसके बाद का देखना है."

दुकानदाराला काही कळले नाही. मी रस्त्यावर येऊन मनसोक्त हसलो.

सुरुवात कोणाच्या घरापासून करायची, यावर माझा सल्ला देशकरांचे घर असा होता. ताईंनी तो मोडीत काढला. "पहिला रंग आपल्या घरचा," त्या म्हणाल्या. घरात बादल्या मांडलेल्या पाहून त्यांचे यजमान अण्णा बाहेर आले. अण्णा कारखान्यात फिटर होते आणि त्यांच्या हातचे काम अजून रांझीत नावाजले जाते.

"काहून वो, काय करून राहिली तू? संडासात काहून हिरवं ओतून राहिली?"

"आपलं पाणी कुठे जातं ते बघतेय."

"जाईन कुठं? टाकीत जाते!"

"आणि टाकीतून?"

 अण्णा पुन्हा पेपर वाचायला बसले. पेपर उलटा होता, हे मी पाहिले.

ताईंनी सकाळभर बादल्यांवर बादल्या ओतल्या, नळ सोडून ठेवला. आम्ही नाल्यावर जाऊन बसलो. थर्मासमधला चहा संपला. ऊन चढले. मग अण्णाही आले आणि शेजारी बसले. ऊन कलल्यावर नाल्याच्या पाण्यात एक बारीक हिरवी रेघ आली. ती हळूहळू रुंद झाली आणि तळ्यात शिरली.

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "जोड मीच देला होता."

झाले होते असे. आपल्याकडची माती काळी, चिकण. घरे बांधली तेव्हा प्रत्येक टाकीला शोषखड्डा होता. पण त्या मातीत पाणी मुरेना, खड्डे तुंबले, अंगणात घाण वर येऊ लागली. तेव्हा अण्णांनी टाकीच्या वरच्या अंगाला नळी जोडून ती गुपचूप पावसाळी नाल्याला दिली. काम इतके सुबक झाले की शेजाऱ्यांनी तसेच करून मागितले, आणि अण्णांनी हौसेने एकेकाला करून दिले. पुढे सारेच विसरले. आपले पाणी टाकीत जाते, यावर सगळ्यांचा मनापासून विश्वास बसला.

"पण एक सांगतो," अण्णा म्हणाले, "इतकी वर्षं झाली, एक थेंब गळला नाही."

ताईंनी कपाळावर हात मारला. मग त्या हसू लागल्या आणि अण्णाही हसू लागले. ते हसणे मी विसरणार नाही. दुसरे एखादे घर त्या संध्याकाळी दार लावून गप्प बसले असते.

पुढच्या सभेत ताई उभ्या राहिल्या. समोर सारी वसाहत होती, सह्यांचा कागद टेबलावर होता. ताई म्हणाल्या, "तळं माझ्या घरातून नासतं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. उद्या अण्णा आमची नळी बंद करतील. ज्यांना आपली पाहायची असेल त्यांनी रंग घेऊन जावा, खाण्याचाच आहे."

 मग मागून कोणीतरी ओरडले, "अण्णा, आमचीपण तुम्हीच जोडली होती ना हो?" सभा हसली, आणि त्या हसण्यात अर्धे काम झाले. त्या आठवड्यात घरोघर हिरव्या बादल्या ओतल्या गेल्या. देशकरांचा रंग सर्वांत आधी नाल्यात आला, असे अण्णा आजही ठासून सांगतात. देशकर ते नाकारतात. तळे बुजवण्याचा अर्ज मात्र त्यांनी स्वतःच मागे घेतला.

नळ्या बंद केल्या, तर पाणी न्यायचे कुठे? ताईंनी आपल्या जुन्या विद्यार्थिनींना कामाला लावले. त्यांच्यातल्या एकीने, जी आज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते, उपाय सुचवला: सर्व टाक्यांचे पाणी एका मोठ्या बंद टाकीत आणायचे आणि तिथून खडीच्या वाफ्यात सोडायचे. वाफ्यात कर्दळ लावायची, ती पाणी पिते आणि घाण खाते. जागा हवी होती. मंडळाचे अंगण सर्वांत सोयीचे, पण देशकर कळवळून म्हणाले, "ताई, गणपतीच्या मांडवाखाली संडासाचं पाणी?"

"देशकर भाऊ," ताई शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण त्याचं विसर्जन कशात करत होतो?"

देशकरांनी शेजारच्या बॅडमिंटन कोर्टाची जागा सुचवली. तिथे रोज संध्याकाळी ते स्वतः खेळत, हे लक्षात घ्यावे. आज तिथे पिवळी आणि लाल कर्दळ माणसाच्या खांद्याला येते, आणि तिला पाणी बरोबर मिळते की नाही हे पाहायला सर्वांत आधी देशकरच जातात. शटल अजून अधूनमधून वाफ्यात सापडते.

या सगळ्या काळात एक गोष्ट ताईंनी कधी सुटू दिली नाही. नाला स्वच्छ झाला म्हणून फूलबाईंना त्यांनी लगेच माल विकू दिला नाही. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्या पाणी पुन्हा पुन्हा तपासून घेत. पहिल्या मोसमात वेली हिरव्यागार झाल्या, शिंगाडे धरले, आणि ताईंनी ते सगळे उपटून टाकायला लावले. फूलबाई रुसल्या. "बहनजी, दिख तो अच्छा रहा है!"

"हमारा नाला भी अच्छा ही दिखता था," ताई म्हणाल्या.

तो मोसम फूलबाईंच्या घरात धान्य कमी पडू नये, याची सोय ताईंनी कशी केली, हे त्यांनी कोणालाच सांगितलेले नाही. मीही सांगणार नाही. फूलबाईंच्या हातांना लावायचे मलम संपले की ताई स्वतः ओमतीला जाऊन आणत, हे मात्र मी पाहिले आहे. रिक्षा मिळाली नाही तर बसने.

यंदा पाणी आपल्या बाजूला चांगले निघाले. नवरात्राआधी फूलबाईंनी पहिला माल काढला, आणि तो बाजारात नेण्याआधी वसाहतीत आणला. देशकरांच्या घरी शिंगाड्याचा शिरा झाला. ताईंना बोलावणे होते. देशकरांनी स्वतःच्या हाताने वाढला आणि म्हणाले, "ताई, आता खुशाल खा. आमच्या घरचं यात काही नाही." सारे पोट धरून हसले. फूलबाईंच्या हातांवरचे चट्टे गेले आहेत. पनागरच्या मजुरीचे नाव आता त्या काढत नाहीत.

पलीकडचा अर्धा ताल अजून तसाच आहे. गोठ्यांचे पाणी त्यात पडते. ताई म्हणतात, आता आपल्याला तिथे जाऊन बोलायला तोंड आहे. गेल्या महिन्यात त्या, अण्णा आणि देशकर गोठेवाल्यांकडे दोनदा चहाला जाऊन आले. पहिल्या भेटीत त्यांनी तळ्याचा विषयच काढला नाही, म्हशींची चौकशी केली. दुसऱ्या भेटीत गोठेवाल्यांनी स्वतःच विचारले, "दीदी, वो फूलवाला गड्ढा हमारे यहां भी बनेगा क्या?"

या अंकासाठी दोन शब्द हवेत, म्हणून मी फूलबाईंकडे गेलो होतो. त्या टायरच्या ट्यूबवर बसून तळ्यात वेली सावरत होत्या. मी काठावरून ओरडून सांगितले, ताई पंच्याहत्तर वर्षांच्या होणार, तुम्हाला काय म्हणायचे आहे? त्यांनी हातातली वेल न सोडता पलीकडच्या काठाकडे बोट दाखवले.

"बहनजी से कहना, आधा ताल अभी बाकी है. आराम की बात अभी न करें."

आम्हा सर्वांचे मागणेही यापेक्षा निराळे नाही. ताईंचे पाय असेच बळकट राहोत, नजर अशीच स्वच्छ राहो, अण्णांची सोबत आणि थट्टा अखंड लाभो. उरलेल्या अर्ध्या तळ्यात फूलबाईंच्या वेली लागतील, त्या दिवशी ताई बांधावर उभ्या असोत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे त्या आम्हाला सकाळी हाताने बोलावून काही ना काही विचारत राहोत.