अण्णांनी झाकलेल्या जाहिराती

रविवारी काष्टीला घरी गेलो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिहायचीही लाज वाटतेय... पण लिहितो.

झालं असं, की जुन्या कॉमिक्सच्या एका ग्रुपवर मी असतो. लोक लहानपणीच्या अंकांचे फोटो टाकतात. मुखपृष्ठावर 'किंमत दोन रुपये', मागच्या पानावर गोळ्या-चॉकलेटच्या जाहिराती, रॅपर पाठवा नि बक्षीस मिळवा... बघून जीव नुसता हळहळतो.

आमच्याही घरी ढीगभर अंक आहेत, अण्णांनी म्हणजे वडिलांनी आणलेले. पण एकातही जाहिरात दिसेल तर शपथ! अण्णा साखर कारखान्यात क्लार्क होते. नवा अंक माझ्या हातात देण्याआधी ते जाहिरातींवर खळीने खाकी कागद चिकटवायचे आणि मुखपृष्ठावरची किंमत शाईने काळी करायचे.

मागच्या आठवड्यात मी त्याचेच फोटो टाकले. वर लिहिलं, 'आमच्या पिताश्रींचं सेन्सॉर बोर्ड! खजिन्याची पार माती केली राव.' लोक खदाखदा हसले, मीही प्रत्येकाला हसून उत्तर देत बसलो. फार भारी वाटत होतं तेव्हा...

ती पोस्ट कुणीतरी गावातल्या कटिंगच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवली. अण्णा तिथेच दाढीला बसले होते. सगळं दुकान हसलं म्हणे.

हे मला आईने सांगितलं, स्वयंपाकघरात, आवाज बारीक करून. "किंमत दिसली की तुझं आजोबा घर डोक्यावर घ्यायचं, चित्रांच्या पुस्तकावर पैसं उधळतो म्हनून. अन् जाहिरात बघून तू काय मागितलं, तर तुला न्हाई म्हनायचं ह्यांच्या जिवावर यायचं. म्हनून झाकायचे."

एवढा घोडा झालो, पण 'का हो अण्णा?' असं एकदाही विचारलं नव्हतं मी.

अण्णा पडवीत बसले होते. समोर सगळे अंक पसरलेले, शेजारी पाण्याची वाटी आणि कापसाचा बोळा. पोस्ट ऐकल्यापासून ते रोज तो खाकी कागद ओला करून सोडवत बसतात. कागदाबरोबर खालचं चित्रही निघून येत होतं आणि ते फाटलेले तुकडे नीट गोळा करून ठेवत होते.

"अण्णा, राहू द्या ना," एवढंच सुचलं मला. माफी मागायची होती, पण नुसताच शेजारी जाऊन बसलो.

त्यांनी मान वर केली नाही. त्यांचाच काही गुन्हा असल्यासारखं म्हणाले, "लई पक्की बसलीय रं खळ. हे एकच निघालं बघ सबंद."

आणि एक पान पुढे केलं. कसल्याशा गोळ्यांची जाहिरात होती, रॅपर पाठवले की वाघाचा मुखवटा मिळणार. रंग अजून ताजे होते.

"हे पायजे हुतं का तुला?" अण्णांनी विचारलं. "आता मिळत आसंल का कुठं?"

उठून मागच्या दारी गेलो आणि रडलो, खोटं कशाला सांगू...

ती पोस्ट मी काढून टाकलीय. पण मला 'नाही' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून जो माणूस धडपडला, त्यालाच मी चारचौघांत हसण्यावारी नेलं. अण्णा, तेव्हा तोंडाने बोलता आलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर म्हणतो... चुकलो मी.