साहेब येणार म्हणून बारव धुतली

आमच्या घरात लग्नकार्याला माणसं जमली, जेवणं आटोपली, पानाचा डबा फिरू लागला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "तालुकदार आल्याची गोष्ट होऊ द्या." गोष्ट सांगायचं खातं माझ्याकडे आहे. घरातली दुसरी कुठली जबाबदारी आजवर कुणी विश्वासानं माझ्यावर टाकलेली नाही, म्हणून ही मी जिवापाड सांभाळतो. हातवारे करतो, आवाज बदलतो, पोरं हसून लोळतात. मात्र मी ती नेहमी अर्धीच सांगतो. उरलेली अर्धी कागदावर उतरवायचं बरीच वर्षं मनात होतं. कागद मधेच "मग पुढं?" असं विचारत नाही, हा त्याचा मोठा गुण.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव फुलंब्रीच्या अलीकडे. गावाला पाणी एकच, मारुतीच्या देवळासमोरच्या दगडी बारवेचं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बायका पायऱ्या उतरून खाली जात आणि पाण्यात उभं राहून घागर बुडवत. त्या पाण्यापायी गावाला नारू लागला होता. हल्लीच्या पोरांना नारू ठाऊक नाही, फार चांगलं आहे. पायाला फोड येतो, फुटतो, आणि आतून सुतासारखा लांब किडा डोकं बाहेर काढतो. तो ओढून काढायचा नसतो. आत तुटला तर पाय सडतो. म्हणून त्याचं टोक एका काडीला गुंडाळायचं, काडी पायाला बांधायची आणि रोज हलक्या हातानं एखादा पीळ द्यायचा. सगळा बाहेर येईपर्यंत माणसानं लंगडत हिंडायचं. उन्हाळा तोंडावर आला की आमच्या गावात घरटी एक काडी असे.

माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, त्याला तर नारू वर्षाचा पाहुणाच होता. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याला समजावून सांगितलं होतं, की हा कुठल्या देवीचा कोप नाही. फुटलेला पाय घेऊन माणसं पाण्यात उतरतात, तेच पाणी पितात, आणि दुखणं फिरत राहतं. पायऱ्या बुजवा, वरून रहाटानं पाणी काढा, नारू जाईल. दादानं ते डोक्यात धरलं. पण बारव सरकारी होती, हुकमाशिवाय तिचा दगड हलवायची सोय नव्हती. हुकूम देणारा माणूस म्हणजे तालुकदार, आताच्या भाषेत कलेक्टर.

आणि एके दिवशी चपराशी निरोप घेऊन आला, की तालुकदारसाहेब दौऱ्यावर निघालेत, गावोगाव लोकांच्या तक्रारी ऐकणार आहेत, आपल्याही गावी थांबणार आहेत.

चावडीवर माणसं जमली. पाटील आमच्या भावकीतले, वयानं वडील, सगळं गाव त्यांना आबा म्हणे. मी औरंगाबादेत हायस्कुलात शिकत होतो, उर्दूत बोलायला म्हणून मला शाळा बुडवून बोलावून घेतलं होतं. दादा पायाला काडी बांधून भिंतीला टेकून बसला होता. बोलायला सुरुवात त्यानंच केली.

"काड्यावाले किती हायेत, आबा?"

"मोजतो कशाला? घरटी एक धर."

"मंग त्यातलं एक माणूस त्या दिवशी गावात दिसता कामा नाय."

"आरं, पण त्याच दुखण्याचं तर गाऱ्हाणं घालायचंय ना?"

"व्हय. म्हणूनच सांगतो. आधीच लंगड्यांचं गाव म्हणत्यात आपल्याला. पोरगी द्यायची म्हणली की लोक आधी पोराच्या पायाकडं बघत्यात. हुजुरापुढं रांगेनं लंगडे उभे केले तर भिकाऱ्यांची जत्रा दिसंल. मागायचं ते ताठ उभं राहून मागायचं. बोलायला आपला मुन्शी हाय की."

मुन्शी म्हणजे मी. मी मान खाली घातली. लाजून नव्हे, खूश झालेला चेहरा दिसू नये म्हणून.

"आन् तुझं काय रं?" आबांनी विचारलं. "तूबी काडीवालाच."

"मी देवळामागं बसंन. ऐकू आलं म्हंजे बास."

कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पाहुणा येणार म्हटल्यावर घरातली फाटकी गोधडी आत टाकतात, तसंच ते वाटलं.

मग गाव कामाला लागलं. बारवेचं शेवाळ खरवडून काढलं. पायऱ्या घासून धुतल्या, काठाला चुना लावला, वरच्या पायरीवर रांगोळी घातली. आबांनी बायकांना ताकीद दिली, की साहेब येऊन जाईस्तोवर कुणी पाण्यात पाय घालायचा नाही, वरूनच पोहऱ्यानं पाणी काढायचं. म्हणजे जे करू द्या म्हणून सरकारचे पाय धरायचे होते, तेच गावानं साहेबाच्या मानासाठी आपणहून सुरू केलं. हे लक्षात आलं ते फार उशिरा.

दौऱ्याच्या सकाळी काड्यावाल्यांना बैलगाड्यांत बसवून पलीकडच्या आमराईत पाठवलं. बरोबर भाकरी, पिठलं, कांदे. एकानं तुणतुणं घेतलं. एवढं कौतुक त्या बिचाऱ्यांचं कधी झालं नव्हतं. एक धडधाकट गडी लंगडत येऊन गाडीत चढू लागला.

"तुला कुठं नारू झाला रं?" गाडीवानानं विचारलं.

"व्हईल की," तो म्हणाला आणि बसलासुद्धा.

घरात गोष्ट सांगताना मी हे फार रंगवून सांगतो. त्यानंतर माझी शेरवानी येते. ती वर्गमित्राची होती. त्याचे वडील शहरात हिमरूचं भारी कापड विणायचे, आणि पोरगा माझ्याहून बारीक होता. वरची बटणं लावली की आवाज निघत नसे, सोडली की अदब जात असे. मित्रानं दोन दिवस माझ्याकडून भाषण घोटून घेतलं होतं. "मराठीत विचार कर बाबा, पण घसा उर्दूच ठेव," असं त्याचं म्हणणं.

साहेब ओढ्यापर्यंत मोटारीनं आले, पुढं घोड्यावर. आम्ही पाटलाच्या खुर्चीवर गादी, गादीवर चादर, चादरीवर आणखी एक चादर घालून ठेवली होती. ते त्या डोंगराकडे एकदा बघून सरळ बारवेच्या कठड्यावर जाऊन बसले. किरकोळ अंगाचे, चष्म्याचे, धुळीनं माखलेले. बाजूला त्यांचा पेशकार, आज्ञा लिहून घेणारा कारकून, उभा राहिला. साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "बोलिए."

मी बोललो. आधी निजाम सरकारला दीर्घायुष्य चिंतलं, मग हुजुरांना, मग हुजुरांच्या पूर्वजांना, त्यांना आता त्याची गरज नव्हती तरी. साहेबांनी हसून हात वर केला. "मियाँ, ज़बान बहुत साफ़ है. अब काम की बात कहिए."

मग मी नारूचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं, रहाट मागितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही शहाण्या माणसाचे. मग उठले आणि कुणी काही म्हणायच्या आत बारव उतरू लागले. खाली पाणी आरशासारखं स्वच्छ. पायऱ्या धुतलेल्या, रांगोळी, चुन्याचा काठ. काठावर नव्या लुगड्यांत बायका पोहऱ्यानं पाणी काढत असलेल्या.

"इतनी ख़ूबसूरत बावली," साहेब वर येत म्हणाले, "और आप इसे बंद कराना चाहते हैं?"

मी भाषांतर केलं. आमच्या बारवेला कुणी सुंदर म्हटलेलं गावानं पहिल्यांदा ऐकलं. सगळ्यांचे चेहरे फुलले. माझाही फुलला असणार.

"नारू के मरीज़ कहाँ हैं?" साहेबांनी समोरच्या ताठ उभ्या रांगेकडे पाहत विचारलं. "एक तो दिखाइए. देखे बग़ैर मैं क्या लिखूँ?"

आबा खाकरले. कुणी पायाकडे पाहिलं, कुणी आभाळाकडे. आमराई हाकेच्या पलीकडे होती. बरं, बोलवायचं म्हटलं तर सांगायचं काय, की हुजूर, तुम्ही येणार म्हणून आजारी माणसं लपवली? मी काहीतरी जुळवत होतो, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

"आमचे हायेत की. देवळामागं बसल्यात."

वहिनी होती, दादाची बायको. डोक्यावरचा पदर तोंडावर ओढलेला, पण आवाज खणखणीत. चार परक्या पुरुषांत ती तोवर कधी बोलली नव्हती.

सगळे देवळाकडे वळले. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दादा आला. धोतर नेसलेलं, ते पार खालपर्यंत सोडलेलं. पायात नवा जोडा. आणि तो सरळ चालत आला, कवायत करणाऱ्या शिपायासारखा. जवळ आल्यावर दिसलं, की कपाळावरून घाम गळतोय. साहेबांपुढे वाकून त्यानं सलाम केला.

"इनसे कहिए, पाँव दिखाएँ."

"दादा, साहेब पाय दाखवा म्हणतात."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. सगळं गाव, साहेब, चपराशी, घोडेवाला. त्यानं धोतराला हातसुद्धा लावला नाही.

"काय नाय हुजूर. काटा भरला व्हता. निघाला."

मी ते जसंच्या तसं उर्दूत सांगितलं. दुभाष्याचं काम तेवढंच, असं तेव्हा वाटलं. अजूनही निम्मं वाटतं.

साहेबांनी वहिनीकडे पाहिलं. तिनं पाठ फिरवली होती. त्यांनी चष्मा पुसला, पेशकाराला हळू आवाजात काही सांगितलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून, पुढं शिकत राहा, म्हणाले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर आज शिव्या द्यायला तरी कुणी असतं.

घोडं ओढ्याच्या वळणाआड गेलं आणि दादा होता तिथंच मातीत बसला. वहिनी देवळामागं जाऊन आली. तिच्या तळहातावर काडी होती, तिला गुंडाळलेला सुतासारखा किडा, आणि त्याचं तुटून लोंबणारं टोक.

"तोडला?" तिनं विचारलं.

"काडी धोतरातनं वर येत व्हती."

"मी तुम्हाला पाय दाखवायला बोलावलं. तुम्ही चाल दाखवली."

आमराईतून गाड्या परत येत होत्या, तुणतुण्यावर कुणीतरी जोरात गात होतं. आबांनी त्याला गप्प करायला एकाला पिटाळलं.

माझी गोष्ट घरात आमराईतून गाड्या गात परतल्या की संपते. खरं तर तिथून पुढं पाय सुजत गेला, गुडघ्यापर्यंत लाल झाला. बैलगाडीत घालून दादाला शहरातल्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण घोटा कायमचा धरला. टाच पुन्हा जमिनीला टेकली नाही. साहेबांची मात्र त्या वर्षी कुठंतरी बदली झाली, आणि नव्या साहेबांपर्यंत पोचलं ते एवढंच, की त्या गावात पाहणी झाली आहे आणि रोग आढळलेला नाही. पुढं दरसाल काड्या येत राहिल्या. त्यात नंतर माझ्या धाकट्या बहिणीचीही एक होती.

वहिनी आणि दादामध्ये त्यावरून पुढं कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं. ती रोज त्याचा पाय तेल लावून चोळायची, तो दुसरीकडे बघायचा. मला म्हणायचा, "मुन्शी, ती आमराईची गंमत सांग," आणि मी सांगितली की सगळ्यांत जास्त वेळ तोच हसायचा. पुढचं सांग, असं तो एकदाही म्हणाला नाही.

निजामाचं राज्य गेलं. काही वर्षांनी नव्या सरकारची माणसं जीपमधून आली, कुणी न मागता मोजमाप घेऊन गेली, आणि बारवेच्या पायऱ्यांवर भिंत उठली. वर रहाट बसला. दोन-तीन उन्हाळ्यांत काड्या दिसेनाशा झाल्या. गाव विसरायला लागलं.

दादाला मात्र एक सवय लागली. गावात कुणी सरकारी माणूस आला, मग तो तहसीलदार असो, लस टोचणारा असो, नाही तर जनावरांचा डॉक्टर, की तो काठी टेकत सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहायचा आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर करायचा. पोरं मागं फिदीफिदी हसायची. मागल्या वर्षी मी गावी होतो तेव्हा एक तरुण अधिकारी आला होता, शाळेच्या खोल्यांसाठी. त्यानं तो वाळलेला पाय पाहिला, गोंधळला.

"बाबा, हे जुनं दिसतंय. आता नारू राहिला नाही. तुमची मागणी काय आहे?"

"मागणी काय नाय," दादा म्हणाला. "बघा म्हणलं."

अधिकारी भला होता, वाकून त्यानं पाहिलं. दादा धोतर धरून उभा होता. वहिनी ओट्यावरून हाक मारत होती, "अवो, झालं असंल तर या आता, जेवायचं निवतंय." तो साहेब सरळ उभा राहीपर्यंत दादा काही हलला नाही.