सरदार गेल्यावर घर कुणाचं

नवरा गेला त्यानंतर पाचव्या आठवड्यात त्याच्या बँकेतले एक जपानी अधिकारी घरी आले. त्यांनी दारात बूट काढले, टोकं दाराकडे करून नीट ठेवले आणि नवऱ्याच्या फोटोसमोर गुडघ्यांवर बसून हात जोडले. मग चहा झाला. मग त्यांनी बॅगेतून एक कागद काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. टोकियोजवळच्या ग्योतोकुमधलं आमचं घर बँकेने दिलेलं होतं; ते मार्चअखेर रिकामं करायचं होतं. "घाई नाही. मार्च," असं ते दोनदा म्हणाले आणि दोन्ही वेळा मान खाली घातली. मला त्यांचा राग आला नाही. माझा आणि मुलीचा व्हिसासुद्धा नवऱ्याच्या नोकरीवरच उभा होता. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला ठाऊक होतं.

जपानला येण्याआधी मी पुण्यात अकरा वर्षं शाळेत इतिहास शिकवत होते. मध्ययुगीन युरोपातली सरंजामशाही हा धडा दर वर्षी असायचा. फळ्यावर मी एक त्रिकोण काढायची: टोकाला राजा, खाली मोठे सरदार, त्यांच्याखाली घोडेस्वार शिलेदार, तळाशी शेतकरी. वरून खाली जमीन यायची, खालून वर धान्य, श्रम आणि लढायला माणसं जायची. मुलं त्रिकोण वहीत रंगवायची. इतक्या वर्षांत एक प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. सरदार मेला, तर त्याच्या गढीत राहणाऱ्या बाईचं काय व्हायचं?

तो कागद टेबलावर असताना मला हा प्रश्न पडला, आणि मी वाचायला बसले. दुःखात लोक काय काय करतात. मला वाचणं जमतं, तेही सावकाश. मुलगी शाळेत गेली की मी पुस्तक उघडायची आणि ती परत येईपर्यंत पाच-सहा पानं व्हायची.

सुरुवातीला तिकडे युरोपात जमीन माणसाला त्याच्या हयातीपुरती मिळे. आपला सरंजाम चाकरीसाठी असे आणि वतन पिढीजात, तसाच काहीसा फरक तिथेही होता. सरदार मेला की नातं संपलं. मुलाने जमीन देणाऱ्या धन्यापुढे गुडघे टेकून, जोडलेले हात त्याच्या हातांत देऊन, नव्याने शपथ घ्यायची. पुढे जमीन वारसांकडे जाऊ लागली, तरी ते गुडघे टेकणं सुटलं नाही. विधवेला बहुधा एक तृतीयांश जमीन हयातीपर्यंत मिळे. पण तिचं दुसरं लग्न कुणाशी लावायचं, यात धनी हात घालू शके. शेतकऱ्याच्या घरी कर्ता गेला, तर धन्याचा माणूस येऊन गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर घेऊन जाई. आणि तरीही इंग्लंडमधल्या पुष्कळ गावांत त्याच शेतकऱ्याची बायको ते शेत स्वतःच्या नावाने कसायची. धन्याच्या शेतावरची ठरलेली कामं तिने चुकवली नाहीत, तर तिला सहसा कुणी उठवत नसे. ते पान मी दोनदा वाचलं.

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन यायचा.

"ताई, आता तिथे तुझं काय आहे? ये परत. वरची खोली रंगवून ठेवलीय."

"काय आहे तेच बघतेय."

"हे बघणं किती दिवस चालणार?"

"मार्चपर्यंत."

परत जाणं सोपं होतं. पण इथल्या जपानी शाळेत आठवीत असलेल्या माझ्या मुलीने एकदाच, जेवता जेवता, सांगितलं होतं, "मला इथेच राहायचंय." एरवी ती मला जपानीतच उत्तरं देते, हे मराठीत म्हणाली. आणि मलाही इथेच राहायचं होतं. नवऱ्याबरोबरची शेवटची सहा वर्षं याच रस्त्यांवर गेली होती. त्यासाठी मला माझ्या नावाची नोकरी हवी होती.

टोकियोतल्या एका भारतीय शाळेला इतिहासाच्या शिक्षिकेची गरज होती. जानेवारीत मला आठवीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायला बोलावलं. विषय तुम्हीच निवडा म्हणाले. मी हाच निवडला.

मुख्याध्यापिका मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या. मी खडू उचलला, आणि त्रिकोण काढलाच नाही.

"कंपनीच्या घरात कोण कोण राहतं?" मी विचारलं.

निम्म्याहून जास्त हात वर गेले.

"ते घर कशाबद्दल मिळालंय?"

"पप्पा ऑफिसला जातात म्हणून."

"उद्या गेले नाहीत तर?"

"पप्पा म्हणतात, मग आपण सगळे नागपूर!" एकजण म्हणाला. वर्ग हसला.

"आता ऑफिसच्या जागी धनी ठेवा, आणि लॅपटॉपच्या जागी भाला," मी म्हणाले.

त्यानंतर धडा आपोआप पुढे सरकला. शपथ घेऊन दाखवायला एक मुलगा आणि एक मुलगी पुढे आले. मुलगी धनी झाली. मुलाने गुडघे टेकायच्या ऐवजी कमरेत वाकून असा पक्का जपानी नमस्कार घातला की तीही सवयीने तितकीच वाकली, आणि दोघांची डोकी आपटली.

"धनी वाकत नाही गं," मी म्हणाले.

"पण मॅम, तो वाकला ना!"

सगळ्यात चांगलं जनावर धनी नेतो हे ऐकून मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडे हॅमस्टर आहे, नेऊ देत." मग खिडकीजवळच्या एका मुलीने विचारलं, "आणि त्याची बायको? ती कुठे जाते?"

मी तिला सगळं सांगितलं. तृतीयांश जमीन, धन्याने लावलेलं लग्न, आणि स्वतःच्या नावाने शेत करणाऱ्या बायका. आवाज कुठेही हलला नाही. मला माझा विषय येत होता.

पाठ संपल्यावर मुख्याध्यापिका फळ्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, पिरॅमिड कुठंय?"

"काढला नाही."

"परीक्षेत तोच येतो, पाच मार्कांना. एप्रिलमध्ये पहिल्याच आठवड्यात काढा. व्हिसाचे कागद ऑफिसमधून घेऊन जा."

बाहेर येऊन मी फोन काढला आणि नवऱ्याचं नाव शोधलं. मग लक्षात आलं. मुलीला फोन लावला.

"शाळा बदलायची नाही ना?" तिने विचारलं.

"नाही. घर बदलायचं. लहान असेल."

"बाथटब?"

"बघू."

शनिवारी आम्ही दोघी ग्योतोकु स्टेशनजवळच्या एजंटकडे गेलो. त्याने फॉर्म पुढे सरकवला आणि अदबीने विचारलं, भाडेकरू कोण, यजमान येणार आहेत का. मुलगी भाषांतर करायला तोंड उघडणार, तोच मी जपानीत म्हणाले, "भाडेकरू मीच."