तुळजामामींचा जावई

तुळजामामींच्या स्वयंपाकघरात एक जावई राहायचा, स्टीलच्या डब्यात. ओल्या भुशावर पसरलेली, लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी! मामी तिला 'माप्पिळ्ळै' म्हणत, तमिळमधला जावई. "आयतं बसून खातो, अजून काय!"

मामी चेन्नैच्या अण्णा नगरात आमच्याच इमारतीत राहत. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. 'सगळं'ला त्या 'अस्कं' म्हणत आणि मला 'कण्णा', म्हणजे बाळा. घरात लवंगतेलाचा असा घमघमाट, की दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटे.

अंगणातला लाकडी बाक कुजायला लागला होता. कमिटीचं म्हणणं, त्याला उग्र विषारी औषध मारा, नाहीतर मोडीत काढा. संताप झाला माझा! जिथे पोरं हात चाटत कुल्फी खातात, तिथे विष? मी पत्रक छापलं : 'विष हटवा, निसर्ग आणा! लवंगतेल लावा, बाक कायमचा वाचवा!'

मामींनी ते चष्मा वर करून वाचलं. "निसर्ग? मग बुरशी काय ओरगडमच्या कारखान्यात झाली, कण्णा? आधी माप्पिळ्ळैला विचारू."

त्यांनी जावयाला लाकडाच्या तीन पट्ट्या वाढल्या. एक कोरी, एक लवंगतेल मुरवलेली, तिसरी तेल मुरवून पाण्यात भिजत ठेवलेली. पुढचे दोन महिने मी रोज विचारायचे, "जेवला का?" मामी म्हणायच्या, "घाई नको गो. जावई आहे, मान ठेव."

इमारतीच्या सभेत मामींनी डबाच टेबलावर ठेवला. कोरी पट्टी बोटानं चुरली. तेलाची खणखणीत निघाली. टाळ्या पडल्या. मी उड्याच मारत होते, तेवढ्यात मामींनी तिसरी दाबली. तीही चुरली.

"पाण्यानं तेल गेलं," मामी म्हणाल्या. "माप्पिळ्ळै पोटभर जेवला."

"मामी, अहो, आपल्याच पायावर धोंडा!"

"चेन्नैत पाऊस पडत नाही का गो? सांगायचं तर अस्कं सांग."

मग विषाचा हट्ट धरणारे सेक्रेटरीच हसत सुटले. "मग बाक पोर्चखाली घ्या की! तिथे कुठला पाऊस?"

बाक वाचला. सडका पाय बदलून तेल लावलं, त्या दिवशी अख्खी इमारत दातांचा दवाखाना झाली होती.

गेल्या वर्षी मामी लेकीकडे कोइंबतूरला गेल्या. टॅक्सीत बसताना डबा माझ्या हातात दिला. "उपाशी ठेवू नको. लाडावूनही ठेवू नको."

दर ऐप्पसीच्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाआधी आम्ही बाकाला तेल लावतो. माझ्या पत्रकांचा आवाज अजून चढाच आहे. फक्त छापायला देण्याआधी मजकूर मी डब्याशेजारी बसून मोठ्यानं वाचते. जे वाक्य जावई खाईल, ते मीच कापते.