ज्याचं कुलूप, त्यानंच काढावं

आमचे बाबा बहिरे आहेत, ही गोष्ट बाबा सोडून अख्ख्या वैशाली नगरला ठाऊक आहे. कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. थोडं वयानं, थोडं मशिनींच्या आवाजानं कान गेले. रिटायर झाल्यावर त्यांनी शहराबाहेर उतईकडे जमिनीचा एक तुकडा घेतला आणि रोज सकाळी स्कूटर काढून तिकडे जायला लागले. मागच्या उन्हाळ्यात तिथून येताना रस्त्यात चक्कर आली, तर तासभर एका झाडाखाली बसून राहिले. आई इकडून फोन लावून लावून थकली. फोन खिशात वाजतच होता, पण ऐकणार कोण? त्या दिवशी आई मला परदेशात फोन करून ढसाढसा रडली.

म्हणून यंदा सुट्टीत येताना मी बाबांसाठी कानाची मशीन आणली, आणि सोबत माझा जुना फोन. ती मशीन त्याच जातीच्या फोनशी जुळते, कोणी फोन केला की आवाज थेट कानात. घरी वायफायवर ट्रायल घेतली. आईनं स्वयंपाकघरातून फोन लावला, तर बाबा दचकून उभेच राहिले. "कावून ओरडून राहिली?" म्हणे. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

पण शेतात वायफाय कुठून आणता? बाबांचं सिम टाकलं, आणि फोननं तोंड वाकडं केलं. हे सिम चालणार नाही! फोन मी तिथल्या कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला. दुसऱ्या कोणाचं सिम चालू नये म्हणून अशा फोनला कंपनी कुलूप घालून ठेवते. हप्ते कधीचे फिटले होते, कुलूप काढून द्या असा अर्ज तेवढा माझ्याकडून राहिला होता. लगेच तो करायला मी बसले, तर त्यांनी खात्याचा चार आकडी पिन मागितला. कोणत्या जन्मी ठेवला होता देव जाणे. तीनदा चुकला, आणि कंपनीनं दारच लावून घेतलं.

"जाऊ दे तिकडे," मी आईला म्हटलं. "कॅम्प-1 मधले मोबाइलवाले दहा मिनिटांत काढून देतात."

बाबांच्या कानात मशीन होती, हे मी विसरले.

"कुलूप कोनं लावलं?" बाबांनी विचारलं.

"कंपनीनं."

"मंग कंपनीच काढन."

झालं! बाबांच्या नोकरीतला सगळ्यात मोठा धर्म हाच. मशीन दुरुस्त करायची तर आधी करंट बंद करायचा आणि स्विचला आपलं कुलूप घालायचं. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं, बाकी कोणी हात लावायचा नाही. एकदा बाबाच काढायचं विसरून घरी आले आणि जेवायला बसले. पहिला घास हातात, तोच दारात कारखान्याची जीप. तिकडे चार साहेब कुलपाभोवती उभे होते, पण एकानंही ते तोडलं नाही. बाबा उष्ट्या हातानं गेले आणि काढून आले. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की मलाच ते साहेब ओळखीचे वाटतात.

"बाबा, फोन माझा आहे. पैसे मी भरले," मी चिडून म्हटलं.

"फोन तुहा. कुलूप त्याइचं. मांगून घे ना. मांगाले लाज वाटते, अन् तोडाले नाई वाटत?"

"तुमाले कुलपाची पडली, मले तुमची पडली," आई कडाडली. "फोन चालू नसन तं उतईच्या रस्त्यावर पाय ठेवाचा नाई, सांगून ठेवते!"

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी 'मॅचिंग ब्लाउज पीस आणतो' म्हणून निघालो आणि थेट कॅम्प-1 गाठलं. दुकानदारानं सिमच्या खाली नखाएवढी पातळ चिप घातली. तिच्यामुळे म्हणे फोनला वाटतं, आपण अजून परदेशातच आहोत. परदेशात मी रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला शहाण्या मुलीसारखी थांबते, म्हणून तोंडदेखलं विचारलं, "भैया, ये लीगल है ना?"

"दीदी, कानून उधर का, फोन इधर का. दोनों की मुलाकात कहाँ होगी?"

मला हे एकदम पटलं. आपल्या सोयीचं असलं की किती चटकन पटतं!

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, कंपनीनं कुलूप काढलं. बाबांचा चेहरा असा खुलला, की मला तिथंच कसंतरी झालं. "पाहा, मांगलं की देतेत मानसं," ते म्हणाले. चौकातल्या चहावाल्यालाही त्यांनी हे सांगितलं. आई माझ्याकडे बघेना, मी आईकडे बघेना.

चार दिवस मजेत गेले. आई तासातासाला फोन करायची आणि बाबा उतईहून ऐटीत उत्तर द्यायचे. पाचव्या दिवशी फोन लागेचना. अकरा वाजले, बारा वाजले. शेजाऱ्यांची स्कूटी मागून आम्ही निघालो. वाटेत दिसेल त्या झाडाखाली मी बघत होते आणि ज्या देवांना कधी हात जोडले नाहीत त्यांना नवस बोलत होते.

बाबा शेतातच होते. बांधावर, डोक्याला दुपट्टा बांधून, फोन मांडीवर ठेवून बसलेले. बाटलीतलं पाणी संपलं होतं, तोंड लाल झालं होतं.

"घरी कावून नाई आले?" आई रडतच ओरडली.

"फोन बंद पडला ना. तुनंच तं सांगतलं, फोन बंद असन तं रस्त्यावर याचं नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कंपनीनं परत कुलूप लावलं वाटते. असन त्याइचं काही काम. म्हटलं, काढतीन थोड्या वेळानं."

फोननं आपणहून नवं अपडेट घेतलं होतं आणि चिपचं बिंग फुटलं होतं. कंपनी बिचारी कुठेच नव्हती. माझ्या थापेवर विश्वास ठेवून माझा बाप दोन तास उन्हात बसला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथंच बांधावर बसून सगळं सांगून टाकलं.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "ते चिप तुनं लावली ना? मंग तूच काढ." मी कानातल्या रिंगेच्या टोकानं सिमची खाच उघडून चिप काढली. डोळ्यांत पाणी असल्यानं दोनदा खाली पडली.

घरी आल्यावर कंपनीला फोन लावला. पाऊण तास त्यांची वाजंत्री ऐकली. मग एक बाई आली. पिन विसरले, हे मी मुकाट्यानं कबूल केलं. बाईनं चार उलटसुलट प्रश्न विचारून खात्री केली, नवा पिन दिला, आणि कुलूप कशासाठी काढायचं ते विचारलं. मी बाबांकडे पाहिलं. "सांग," ते म्हणाले, "बाप भयरा आहे." आई चमकलीच, कारण उभ्या आयुष्यात हे त्यांनी पहिल्यांदा कबूल केलं होतं. दोन दिवसांत कुलूप निघालं. एक पैसा लागला नाही.

परदेशात परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी बाबांना फोन केला. इतकी वर्षं आमचं बोलणं आईमार्फतच चालायचं. मी आईला सांगायची, आई त्यांच्या कानाशी ओरडायची. आता ते शेतात एकटेच होते. मी नेहमीसारखी बेंबीच्या देठापासून ओरडले, "बाबा, जेवले का?"

पलीकडे शेतातला वारा वाजत होता.

"हळू बोल ना, बाई," बाबा म्हणाले. "मले ऐकू येऊन राहिलं."