उरलेला ब्रेड

सँडविचच्या दुकानात मी विचारत होते, सगळ्यात कमी कॅलरी कोणत्या ब्रेडमध्ये? काउंटरवरच्या बाईंनी गव्हाचा पातळ ब्रेड दाखवला, तरी मी आणखी दोन प्रश्न विचारलेच. मग त्या आईकडे वळल्या. "काकू, तुम्हाला?"

"कुठलाही चालेल. कालचा उरला असेल तर तोच द्या."

त्या हसल्या. मला हसू येईना. आमच्याकडे ताजी पोळी आम्हाला आणि शिळी आईच्या ताटात, हे ठरलेलंच होतं. कमी खायचं मी आत्ता कुठे शिकतेय, तेही विचारून विचारून. आई कधी शिकली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"आई, नीट बघून सांग ना," मी जरा चिडूनच म्हटलं.

तिने काचेतले सगळे ब्रेड न्याहाळले आणि हळूच मला विचारलं, "तुला कोणता नकोय?"