एका पानात बसलेली पालखी

आमच्या ह्यांना जगातली कुठलीही गोष्ट एका कागदावर बसलेली लागते. मिरजोळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, तिथं प्रत्येक मालाला एक कार्ड. तीच खोड घरी आली. लग्न ठरल्यावर मला पाठवलेलं पत्रसुद्धा एका पानाचं होतं, शेवटची ओळ समासात उभी करून घुसवलेली. दीपक मांडवकर हा माणूस वाईट नाही, पण त्याच्याबरोबर संसार करणारीचा जीव मेटाकुटीला येतो, एवढं मी बायको म्हणून सांगते.

शिमग्याला आमच्या गावात देवीची पालखी घरोघर जाते. कुठल्या घरी आधी आणि कुठल्या घरी मागून, ह्यावरून सख्खे भाऊ वर्षभर बोलत नाहीत. म्हणून घरांचा क्रम छापून काढतात, आणि ते काम मंडळाचे सचिव म्हणून ह्यांच्याकडे. चार वर्षांपूर्वी यादी दोन पानांची झाली. दुसरं पान कुणाच्या तरी खिशात राहिलं आणि खालच्या वाडीतली सात घरं ओट्या घेऊन ताटकळली. त्या भांडणानंतर ह्यांनी दोन नियम काढले. यादी एकाच पानाची. आणि पालखी चालेल ती कागदावर असेल तशीच, ऐनवेळी तोंडी कुणी काही सांगायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

यंदा यादीत एक घर वाढवायचं होतं. ह्यांच्या चुलतभावाचा मुलगा हितेश मुंबई सोडून आला, रस्त्याला लागून घर बांधलं, आणि रोज फोन करून विचारायचा की काका, माझं नाव घातलंत ना. त्याचं घर गंगाकाकींच्या अलीकडे, म्हणून त्याचं नाव त्यांच्या नावाच्या वर यायला हवं होतं.

हे कॉम्प्युटरसमोर बसले ते आधीच वैतागलेले. लिहायच्या पानाखाली एक बारीक पट्टी असते, स्टेटस बार म्हणतात तिला. डावीकडे 'पेज वन ऑफ वन' असतं, तेवढंच ह्यांना हवं असायचं. बाकी सगळ्याचा राग. शब्द दोनशे बारा म्हणे, कोणी विचारले? भाषा मराठी म्हणे, मग मी काय जर्मन लिहितोय? त्यात एका जागी 'इन्सर्ट' लिहिलेलं. ते जावं म्हणून ह्यांनी त्याच्यावर माऊस आपटला, तर त्याचं 'ओव्हरटाईप' झालं.

"बघ, उलट उत्तर देतो," मला म्हणाले.

मी म्हटलं, काय लिहिलंय ते आधी वाचा तरी. वाचतील कशाला! कुणीतरी शिकवलं होतं की त्या पट्टीवर माऊसचं उजवं बटण दाबलं की लांबलचक यादी उघडते, आणि ज्याच्यापुढची खूण काढाल ते पट्टीवरून जातं. ह्यांनी एकेक खूण काढली. ओव्हरटाईप गेलं, शब्द गेले, भाषा गेली. पट्टीवर पेज वन ऑफ वन तेवढं उरलं. अंगण झाडल्यावर बघावं तसे हे तिच्याकडे बघत राहिले.

मग मान खाली घालून, दोन बोटांनी, गंगाकाकींच्या ओळीच्या सुरुवातीपासून हितेशचं पूर्ण नाव लिहिलं. वर बघितलं तर नाव ओळीत चपखल बसलेलं, पुढचं घर खालच्या ओळीत, आणि पान एकच. एंटरसुद्धा मारावं लागलं नाही. म्हणाले, आज पहिल्यांदा ह्याला अक्कल आली. मला वाचायला दिलं. मी घरं मोजली, एक्केचाळीस भरली, बरोबर आहे म्हटलं. गेल्या वर्षीही एक्केचाळीसच होती आणि एक वाढवल्यावर बेचाळीस व्हायला हवीत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याचा मला अजून संताप येतो.

गंगाकाकी एकट्या राहतात. गेल्या शिमग्याच्या आठ दिवस आधी त्यांचे यजमान केरूकाका गेले, घरात सुतक, म्हणून पालखी दारावरून पुढे गेली. त्या वेळी त्या दार लावून आत बसल्या होत्या. यंदा महिनाभर आधीपासून अंगण चोपत होत्या, सारवत होत्या. मला दोनदा विचारलं, पालखी किती वाजता येईल. मी म्हटलं, हितेशच्या मागोमाग, काकी.

त्या दिवशी हितेशच्या अंगणात पालखी नाचली आणि ढोल गंगाकाकींच्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, आला. काकी सुपात ओटी घेऊन उभ्या. पुढचा भोई आत वळायला लागला, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, कागदात बघा. ह्यांनी कागद बघितला. अठ्ठावीस, हितेश. एकोणतीस, काकींच्या पलीकडचा बाबल्या. हे तिथंच थिजले. सगळा गाव ह्यांच्या तोंडाकडे बघत होता. मी बाजूने शर्ट ओढला, अहो, काकींचं राहिलंय, भोयांना हाक मारा. ह्यांनी माझ्याकडे बघितलंदेखील नाही.

"कागदावर नाय. चला पुढं," असं ह्यांनी सांगितलं.

आणि पालखी गेली. एकदा पुढच्या अंगणात टेकली की ती मागे फिरत नाही, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

घरी आल्यावर ह्यांनी चप्पलही न काढता कॉम्प्युटर लावला. पट्टीवरच्या खुणा एकेक करून परत केल्या. ओव्हरटाईप परत दिसलं, म्हणजे ते नुसतं झाकलं गेलं होतं, चालूच होतं. लिहिताना पुढचं अक्षर खाऊन टाकतं ते, हे आम्हाला तेव्हा समजलं. गंगाकाकींचं नाव हितेशच्या नावाने अक्षर अक्षर खाल्लं होतं. मी म्हटलं, ते यंत्राने खाल्लं, मान्य. बेड्यात उभं राहून कोणी खाल्लं?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी स्वतः आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. ओटीतला नारळ ओट्यावर ठेवला.

"गेल्या साली सुतक व्हता, दीपक. औंदा आमच्यात कोन मेला?"

हे उठून पुढे आले. माझीच चूक, काकी, एवढं म्हणेपर्यंत त्या पायरी उतरल्या होत्या.

आता पट्टीवर सगळं आहे, शब्द, भाषा, सगळं. ह्यांनी यादी दुरुस्त केली, बेचाळीस घरं, पेज वन ऑफ टू. अक्षर बारीक करून एका पानात आणलेली नाही. नारळ कॉम्प्युटरशेजारी तसाच आहे. फोडायचा म्हटलं की हे उठून बाहेर जातात, आणि माझाही हात धजत नाही.